सिग्नल सुधारला तर कळवा

"जरा बाजूला व्हा, मॅडम. तुम्ही मध्ये उभ्या आहात."

हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. वाचनालयात बावीस वर्षं नोकरी करूनही मला हे इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं, वाटलं मात्र बऱ्याच जणांना असणार. मी बाजूला झाले. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "आता परत या." मी परत जागेवर आले.

"बघा. नऊने पडला."

पडला होता तो सिग्नल. भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी होती आणि जिन्याजवळ तिचं ऐकणारा एक मोठा डबा. त्या दोघांच्या मध्ये मी उभी होते. माणूस म्हणजे शेवटी पाण्याने भरलेली पिशवी, असं त्यांनी मला समजावलं. लहरी हवेतून सुखाने जातात आणि पाण्यात अडकतात. "प्रत्येक माणूस आठ-नऊ खातो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, अजिबात न हसता, "तुमचे अध्यक्ष अकरा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. महिन्यातून एकदा येतात, स्टुलावर चढतात, उतरतात, वहीत काहीतरी लिहितात आणि सही घेऊन जातात. आपण त्यांना चहा विचारतो, नाव विचारत नाही. आमच्याकडे त्यांना सगळे 'सेन्सरवाले' म्हणत. वय पंचावन्नच्या आसपास, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर. लॅपटॉप इतका जुना की त्याचं झाकण रबरबँडने बांधलेलं असे.

आमचं वाचनालय परळचं. गिरण्यांच्या भरभराटीत कारकून मंडळींनी काढलेलं, तीन मजल्यांचं. खाली वर्तमानपत्रं, मधे देवघेव आणि सगळ्यात वर ग्रंथभांडार. भांडारात वाचकांना प्रवेश नव्हता आणि वाचकांनीही कधी हट्ट धरला नाही. जुने ग्रंथ जपण्यासाठी कुठूनसं अनुदान आलं आणि त्यातून भांडाराची हवा मोजणाऱ्या बारा बिनतारी डब्या आल्या. तापमान किती, दमटपणा किती, हे त्या दिवसरात्र सांगणार होत्या.

त्याचं उद्घाटन झालं. बारा डब्यांसाठी चार शाली लागल्या. बिनतारी यंत्रणेत फीत बांधायला जागा नसते, ही अडचण आयत्या वेळी लक्षात आली, तेव्हा ती जिन्याच्या कठड्याला बांधली. अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले. ज्ञान, विज्ञान आणि संस्कृती यांचा त्रिवेणी संगम झाला. डब्या बसवणारे सेन्सरवाले तेवढा वेळ मागे उभे होते. भाषण संपल्यावर ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इतकी माणसं खोलीत आली ना, की एकही डबी ऐकू येत नाही."

त्यांच्या कामाचं मला कौतुक वाटलं ते त्यांनी ते सोपं करून सांगितलं तेव्हा. त्या पद्धतीला एसएनएमपी म्हणतात. आद्याक्षरांचा पूर्ण विस्तार मी तीनदा विचारला आणि तीनदा विसरले.

"गावाला राहिलेल्या मुलाला आई फोन करते ना, तसं आहे मॅडम," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी तुमच्या जिन्यातल्या डब्याला विचारतो. एक नंबर कसा आहे? दोन नंबर कसा आहे? ताप आहे का? बॅटरी आहे का? आणि शेवटी, आवाज नीट येतोय का? तो शेवटचा आकडा म्हणजे सिग्नल."

"आणि मुलाला ताप असला तर?"

"तर लाल दिवा लागतो. बाकी काही नाही. हा नुसता विचारतो, मॅडम. उठून औषध द्यायला जात नाही."

सगळे जण ताप बघत. म्हणजे तापमान आणि दमटपणा. अनुदान देणाऱ्यांनाही तेवढंच हवं होतं. हे मात्र शेवटचा आकडा बघत. "हवा काय, पंखा लावला तरी बदलते," असं त्यांचं म्हणणं. "डबी आणि डबा यांच्या मध्ये काय उभं आहे, ते सिग्नलवरून कळतं."

हा आकडा नेहमी उणे असतो. उणे ऐंशी म्हणजे क्षीण, उणे पन्नास म्हणजे उत्तम. खालच्या दालनात अध्यक्षांच्या तसबिरीशेजारी एक मोठा पडदा लावून त्यावर हे आकडे दाखवायचे ठरलं, तेव्हा अध्यक्षांना धक्काच बसला.

"उणे एकाहत्तर? संस्थेच्या दर्शनी भागात?"

"सिग्नल उणेच असतो, साहेब. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला."

"मग आपला शून्य करून टाका."

ते काही करता येण्यासारखं नव्हतं. शेवटी सेन्सरवाल्यांनी आकड्यांचे टक्के केले आणि टक्क्यांच्या हिरव्या पट्ट्या. अध्यक्ष येता-जाता त्या पट्ट्यांकडे पाहून समाधानाने मान हलवत. सेन्सरवाले स्वतःच्या वहीत मात्र उणे आकडेच लिहीत राहिले.

त्या वहीत वर्षभराचं भांडार होतं. आषाढापासून सगळे आकडे खाली जात. "कागद पाणी पितो," ते म्हणत. "एवढी हजारो पुस्तकं, सगळी थोडी थोडी पितात. मग एका रांगेचं दुसऱ्या रांगेला ऐकू येत नाही." दिवाळीनंतर कागद सुकत आणि आकडे हळूहळू वर येत. मी त्याच इमारतीत बावीस वर्षं बसले होते आणि माझ्या डोक्यावर पुस्तकं अशी वर्षाला एकदा भिजतात-सुकतात हे मला एका स्टुलावर चढलेल्या माणसाकडून कळलं.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. बाकीच्या अकरा डब्यांची बॅटरी ते उभ्या उभ्या बदलत. सात नंबरच्या डबीपाशी ते बसत. भांडाराच्या अगदी शेवटी, मागच्या भिंतीशी, एका सागवानी कपाटाच्या पलीकडे ती होती. तिचा सिग्नल सगळ्यांत वाईट. दहा रांगा आणि ते कपाट ओलांडून तिला बोलावं लागे. मी एकदा म्हटलं, "हिला पुढे का नाही आणत? बिचारी ओरडून ओरडून दमत असेल."

"नको. इथंच पाहिजे." मग कपाटावर हात ठेवून म्हणाले, "यात माझे वडील आहेत."

कपाटावर पाटी होती 'संकीर्ण'. ज्याचं काय करावं ते कळत नाही आणि टाकायची हिंमतही होत नाही, ते आमच्याकडे संकीर्णात जातं. त्यांचे वडील गिरणीत मागावर, साचेवाले होते आणि पाळी सुटली की जलशात गायचे. डिलाईल रोडच्या चाळींतल्या सात जणांचा संच होता. गाणी स्वतः रचायचे, छोट्या पुस्तिका छापून घ्यायचे आणि सभेत वाटायचे. अशा त्रेचाळीस पुस्तिका होत्या आणि वडिलांच्या हातच्या तीन वह्या, त्यात कधीच न छापलेली गाणी. घर एका खोलीचं, वरून गळणारं. वह्यांच्या कडा कुजायला लागल्या तेव्हा वडिलांनी सगळं फडक्यात बांधलं आणि आमच्या वाचनालयात आणून दिलं.

"मी सोबत होतो. आठवीत असेन. तेव्हाच्या ग्रंथपालांनी शिक्का मारून पोच दिली. बाबा परत जाताना ती पोच हातात धरून चालत होते, शाई ओली आहे म्हणून. मला म्हणाले, आता हे राहील. घरात राहिलं नसतं, इथं राहील."

"तुम्ही ती गाणी ऐकलीत?"

"घरी कुठे गायचे? एक खोली, आठ माणसं. रात्रपाळीवाला कुणीतरी कायम झोपलेला असायचा. गाणं बाहेर. मला दोन-तीन ओळींच्या वर येत नाही." स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवत ते म्हणाले, "तीन वर्षांनी रिटायर होतो. मग रोज येऊन बसणार इथं. सगळं उतरवून घेणार. तुम्ही बसू द्याल ना?"

हे काम कंपनीत कुणाला नको होतं. लहान काम, तिसरा मजला, लिफ्ट नाही. यांनी ते मागून घेतलं होतं.

मी म्हटलं, "अहो, मग घेऊनच जा ना. किल्ली तुमच्या हातात आहे. कोण विचारतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते वाक्य मला परत घ्यावंसं वाटलं.

"बाबांनी दिलंय ते. दान आहे, मॅडम. दिलेलं मी मागच्या दाराने परत नेऊ? मग ती पोच कशाला घेतली होती त्यांनी?"

त्या दिवशी निघताना ते पहिल्यांदा मला "जयभीम" म्हणाले. एरवी नमस्कार म्हणत. मी गडबडून "हो हो, या" म्हटलं. वर इतक्या भाषांची इतकी पुस्तकं आणि मला उत्तराचा एक शब्द सुचला नाही.

तिसऱ्या वर्षी इमारतीचा पुनर्विकास ठरला. जागेवर उंच मनोरा होणार आणि त्यात वाचनालयाला एक सुसज्ज, वातानुकूलित दालन मिळणार. चित्र आलं. चित्रात काचा होत्या, कुंड्या होत्या, लॅपटॉप घेऊन बसलेली गोरीपान तरुण माणसं होती. पुस्तकं शोधावी लागली. एका कोपऱ्यात, शोभेला असतात तशी, साधारण दोनशे दिसली. भांडारात तेव्हा तीस हजारांच्या वर होती. वजाबाकी कुणी मोठ्याने केली नाही.

मग भांडाराचा जिना धोकादायक झाला. म्हणजे तशी पाटी लागली. किल्ली कार्यवाहांनी आपल्याकडे घेतली. पुढच्या महिन्यात सेन्सरवाले आले तेव्हा कार्यवाह त्यांना म्हणाले, "वर जायची गरज काय? बिनतारी आहे ना?"

"बॅटरी बदलायच्या असतात, साहेब."

"संपल्या की बघू."

ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. लॅपटॉपचा रबरबँड काढला, बराच वेळ काहीतरी टंकलं. म्हणाले, "सिग्नल पडला की निरोप येतो, ते आधीच लावलेलं आहे. आज वरची मर्यादा पण लावली. सुधारला तरी निरोप येणार. तुमच्या ऑफिसच्या मेलवर."

"सुधारल्यावर कशाला?"

"किल्ली नाही माझ्याकडे. आता एवढंच आहे."

त्यांच्या कंपनीतून दुसऱ्याच दिवशी फोन आला म्हणे. "चांगलं झालं की अलार्म वाजवणारा तू पहिलाच, रे. डोकं ठिकाणावर आहे ना?" हे त्यांनीच मला सांगितलं, साहेबांच्या आवाजाची नक्कल करून. चांगली करायचे नक्कल.

पहिला निरोप तीन आठवड्यांनी आला. 'सेन्सर ४ : सिग्नल मर्यादेपेक्षा सुधारला.' मग पाच नंबरचा. मग सहाचा. मी नियमाप्रमाणे प्रत्येकाची प्रत काढून कार्यवाहांच्या फायलीत लावली. सेन्सरवाल्यांचा फोन आला.

"मॅडम, वर काही काम चाललंय?"

"नाही. जिना बंद आहे."

"सगळे निरोप सोमवारचेच आहेत. दुपारी दोन ते चार. आणि दिवस आषाढाचे. आत्ता आकडा खाली जायला पाहिजे, मॅडम. वर कसा जातो?"

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते.

कार्यकारी मंडळाच्या सभेचं इतिवृत्त लिहिणं माझं काम. त्या महिन्यात कंत्राटाच्या नूतनीकरणासाठी सेन्सरवाल्यांना बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. कार्यवाहांनी फाईल उघडली आणि ते निरोप एकामागून एक वाचून दाखवले. चार, सुधारला. पाच, सुधारला. सहा, सुधारला. आठ, सुधारला. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "अभिनंदनाचा ठराव घ्या. बघा, आपली संस्था कुठे पोचली!"

ते उभे राहिले. "अभिनंदन नको, साहेब. वरची पुस्तकं कमी होतायत."

कार्यवाहांनी फाईल मिटली.

कार्यवाह म्हणाले, "निर्लेखन चालू आहे. वाळवी लागलेली, फाटलेली पुस्तकं काढतोय. सगळं नियमात आहे."

"चार रांगांच्या चार रांगा फाटलेल्या, साहेब?"

अध्यक्ष हसत म्हणाले, "तुमचं काम काय हो? पुस्तकं बघायचं की सिग्नल बघायचं?"

"सिग्नलच बघतोय, साहेब."

"चांगला आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर! चांगल्याला वाईट म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय." सगळे हसले. चहा आला.

"सातच्या पुढ्यात माझ्या वडिलांचं कपाट आहे," ते म्हणाले, पण तेव्हा बिस्किटांची बशी फिरत होती.

इतिवृत्तात मी लिहिलं: 'सिग्नलची पातळी सुधारल्याबद्दल सभेने समाधान व्यक्त केले.' त्यात एकही शब्द खोटा नाही. मी इतकी वर्षं असंच लिहीत आले आहे.

त्यांनी रीतसर अर्ज दिला. स्वच्छ अक्षरात, समास सोडून. माझ्या वडिलांनी दान दिलेल्या त्रेचाळीस पुस्तिका व तीन वह्या निर्लेखनातून वगळाव्यात. ते शक्य नसल्यास मला तिथेच बसून त्यांची छायाचित्रं घेऊ द्यावीत. मूळ प्रती वाचनालयाच्याच राहतील. मी त्यावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारला. उत्तर आलं की विषय पुढील सभेत ठेवण्यात येईल. पुढची सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली. त्याच्या पुढचीही.

मधे ते दोनदा येऊन गेले. वर जाता येत नव्हतं, तेव्हा माझ्या टेबलाशी बसून सात नंबर उघडून बघायचे. उणे ब्याऐंशी. उणे त्र्याऐंशी. "ठीक आहे," म्हणायचे. "अजून ऐकू येत नाहीये नीट."

आता मला एक सांगायला हवं. भांडाराची दुसरी किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. लाखेने बंद केलेल्या पाकिटात, वर 'फक्त आगीच्या प्रसंगी' असं लिहिलेलं. कार्यवाह ती विसरले होते. मी विसरले नव्हते. ते समोर बसून आकडे बघत होते आणि माझ्या गुडघ्यापाशी तो खण होता. आग लागलेली नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

भाद्रपदातल्या एका सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी घरी, लालबागला. वरणाला फोडणी देत होते.

"मॅडम, सात हलतंय."

"म्हणजे?"

"ब्याऐंशी होता सकाळी. आत्ता एकाहत्तर. मी नव्या मुंबईत आहे एका साईटवर, मला यायला दोन तास लागतील. तुम्ही जवळ राहता. जरा जाऊन उभ्या राहाल? काही करू नका, नुसत्या कपाटापुढे उभ्या राहा. तुम्ही असलात तर ते..." मग मधेच, "अडुसष्ट झाला, मॅडम."

पंधरा मिनिटांचं अंतर. माझ्या डोळ्यांपुढे कार्यवाहांचा चेहरा आला, पाकीट आलं, निवृत्तीला राहिलेली चार वर्षं आली. मी म्हटलं, "आज सोमवार ना. आज वाचनालय बंद असतं."



"हो," ते म्हणाले. "खरंच की."

मंगळवारी सकाळी आठलाच मी पाकीट फोडलं. ते दारात येऊन उभे होते. मुंबईत पोचेपर्यंत काल संध्याकाळ झाली होती आणि कुलूप पाहून परत गेले होते, असं म्हणाले. आम्ही वर गेलो. जिना अगदी भक्कम होता.

भांडार रिकामं होतं. लोखंडी रॅक होते, वर्गीकरणाच्या पाट्या होत्या, तत्त्वज्ञान, चरित्र, शेती, आणि खाली काही नव्हतं. सागवानी कपाटाच्या जागी फरशीवर त्याच्या पायांचे चार काळे चौकोन उमटले होते. सात नंबरची डबी भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकवत होती. ते सवयीने तिथे खाली बसले. लॅपटॉप उघडला.

"उणे एक्केचाळीस," ते म्हणाले. "एवढा साफ सिग्नल मी इतक्या वर्षांत कुठे बघितला नाही."

कार्यवाहांना विचारलं तेव्हा ते वैतागले. माल एकगठ्ठा दिला होता, कपाटासकट. रद्दीवाल्याचा नंबर मात्र त्यांनी दिला. सेन्सरवाल्यांनी माझ्याच टेबलावरून फोन लावला. पलीकडचा माणूस सज्जन होता, त्याने कुणाला तरी विचारून सांगितलं. कागद रातोरात वापीच्या कारखान्यात गेला होता. सकाळच्या पाळीला हौदात पडला. आता लगदा.

"तीन वह्या होत्या, भाऊ. लाल पुठ्ठ्याच्या," हे म्हणाले.

"साब, पुठ्ठा पण जातो त्याच्यात," पलीकडून उत्तर आलं.

त्यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. त्या महिन्याचा अहवाल पुरा केला. बारा ओळी, बाराही हिरव्या. मी सही केली.

मला काहीतरी द्यायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "दाखल वही आहे ना. तिच्यात प्रत्येक पुस्तकाची नोंद असते. सगळ्या पुस्तिकांची नावं मिळतील. निदान नावं." हे म्हणताना माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. आमच्या पेशात दुसरं काही नसलं तरी नोंद असते.

जिन्यातला डबा काढून न्यायला ते शेवटचे आले, तेव्हा मी त्या वर्षाची वही काढून ठेवली होती. त्यांनी कोरी वही आणली होती, दोन्ही पेनं तपासली. मी पानं उलटत गेले. तारखेपाशी आले. त्या तारखेला आमच्या ग्रंथपालांनी वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली होती.

'संकीर्ण पुस्तिका, नग ४३. वह्या, नग ३. देणगी.'

लेखकाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. तेवढंच होतं. ते त्या ओळीकडे पाहत राहिले. मग त्या आडव्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इथं नाव लिहिलं तर चालेल?"

दाखल वहीत नंतर काही लिहिता येत नाही. हा नियम मी दोन पिढ्यांच्या मदतनिसांना शिकवला आहे. मी वही त्यांच्याकडे फिरवली.

रकाना अरुंद होता. त्यांनी आधी वडिलांचं नाव लिहिलं, बारीक अक्षरात. मग संचातल्या बाकीच्यांची. एक ढोलकीवाला होता, ते लिहिताना जरासे हसले. पाच नावं झाली. मग पेन थांबलं.

"दोन आठवत नाहीत," ते म्हणाले. "एक वरळीला राहायचे. आम्ही काका म्हणायचो. नाव काय ते कधी..."

त्यांनी दोन स्वल्पविराम दिले, मधे जागा सोडली. पेनाला टोपण लावलं. डबा काखेत घेतला आणि गेले. कंपनीने पुढे त्यांना कुठे पाठवलं मला ठाऊक नाही. एकदा फोन लावला होता, उचलला नाही. परत लावायचं मला धाडस झालं नाही.

निर्लेखित ग्रंथांच्या नोंदी दाखल वहीतून रद्द करण्याचा आदेश पुढच्या आठवड्यात आला. तीस हजारांच्या वर ओळी, प्रत्येकीवर लाल रेघ आणि कोपऱ्यात सही. मला त्याला अडीच महिने लागले. त्या पानाशी मी एका गुरुवारी पोचले. रेघ पट्टी लावून मारायची, हाताने नाही, असा नियम आहे, खालचं वाचता यावं म्हणून. मी पट्टी लावली. रेघ पाच नावांवरून गेली, दोन रिकाम्या जागांवरून गेली, आणि मी कोपऱ्यात सही केली.